मुंग्यांच्या डॉक्टरांचा वजनकाटा

माझ्यासमोर आलेला माणूस सगळ्यात आधी पोट आत घेतो. मग इकडेतिकडे बघतो, चपला काढतो, खिशातल्या किल्ल्या बाजूला ठेवतो आणि थंडगार पाण्यात उतरावं तसा एकेक पाय माझ्यावर ठेवतो. काटा थांबला की खाली वाकून नीट बघतो आणि म्हणतो, "हा बिघडलेला दिसतोय." पूर्वी मला याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. मी वजनकाटा आहे, आणि खरं बोलणाऱ्याच्या वाट्याला जे येतं तेच माझ्याही वाट्याला आलं.

माझं रूप आधी सांगतो. खाली चौकोनी लोखंडी पाट, त्यावर रबराची चटई. मागे उभा खांब, खांबाच्या टोकाला भिंतीवरच्या घड्याळाएवढा गोल चेहरा आणि त्यात लाल रंगाचा काटा. खांबालाच उंची मोजायची दांडी जोडलेली आहे. ती वरखाली सरकते आणि माणसाच्या टाळूवर अलगद टेकते. माणूस किती उंच ते ती सांगते, किती जड ते मी सांगतो. तिच्यावर कुणी कधी रागावलेलं मी पाहिलं नाही. एकाच खांबावर राहून आमच्या नशिबात एवढा फरक.

मला ज्या मिस्त्रीने जोडलं तो माणसांशी फारसा बोलत नसे, माझ्याशी मात्र बोलायचा. माझी स्प्रिंग बसवून झाल्यावर तो स्वतः माझ्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "सकाळी घरी भांडण झालं, न जेवता निघालोय. बघू तुला कळतं का." मग डबा खाऊन आला आणि परत उभा राहिला. काटा केसभर पुढे सरकला. "पोरगं हुशार आहे," असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, खऱ्या वजनांनी माझी परीक्षा घेतली आणि मला शिशाचं सील ठोकलं. कारखान्यातून निघताना मला वाटलं, एवढं प्रेम जगात सगळीकडेच असणार.

तसं काही नव्हतं. मी एका मोठ्या इस्पितळात आलो आणि मोठ्या माणसांच्या तपासणीखोलीबाहेरच्या व्हरांड्यात उभा राहिलो. तिथे उंचीच्या दांडीला लोक छत्र्या अडकवायचे, माझ्या पाटावर पिशव्या ठेवायचे. आत नर्स विचारायची, "वजन किती?" माणूस वर छताकडे बघत एक आकडा सांगायचा. तो लग्नाच्या वेळचा असायचा. नर्सही तोच धरायची. मी दारातच उभा होतो, पण घरच्या म्हाताऱ्याला जसं कुणी काही विचारत नाही, तसं मला कुणी विचारत नसे. नवराबायको आले तर तेवढी करमणूक व्हायची. बायको माझ्यावर उभी राहिली की नवरा मागून हळूच आपलं पाऊल पाटावर टेकवायचा. ती आकडा बघून हादरली की हा भिंतीकडे तोंड करून खोकायचा. जगातल्या सगळ्या नवऱ्यांना हा विनोद आपल्यालाच सुचला आहे असं का वाटतं, ते मला कळलेलं नाही.

एका दुपारी एक ठेंगण्या बाई तरातरा आल्या. चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला, केस टोपीत कोंबलेले. त्यांनी दांडीवरची छत्री काढून बाकावर ठेवली, पिशव्या उचलून ज्याच्या त्याच्या मांडीवर दिल्या आणि स्वतःच्या झोळीतून एक पितळी वजन काढून माझ्या पाटावर ठेवलं. चष्मा लावून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"हा चालेल," त्या म्हणाल्या. "आमच्याकडचा मेला कालपासून दर खेपेला वेगळंच बोलतोय."

बरोबरच्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, नवीन मागवा की."

"मागवलाय. तो येईपर्यंत मी काय पोरांना अंदाजाने भूल देऊ?"

अशी माझी बदली लहान मुलांच्या ऑपरेशन विभागात झाली. नवीन काटा यायला इतकी वर्षं लागतील हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

या बाई भूलतज्ज्ञ होत्या. ऑपरेशनमध्ये दुखू नये म्हणून आधी औषध देणाऱ्या डॉक्टर. पण त्यांची एक खासियत होती. जिथे जमेल तिथे त्या अख्ख्या मुलाला गाढ न झोपवता, ज्या हाताचं किंवा पायाचं ऑपरेशन असेल तेवढाच भाग बधिर करायच्या. मुलाला सांगायच्या, "आधी तुझ्या हाताला मुंग्या येतील, मग मुंग्या झोपतील, मग हात झोपेल. तू जागा राहिलास तरी चालेल." म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं मुंग्यांच्या डॉक्टर. नर्स, मावशी, हाडांचे डॉक्टर, सगळे पाठीमागे त्यांना मुंगीबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

माझी किंमत मला त्यांच्याकडे आल्यावर कळली. बधिर करायच्या औषधाला एक मर्यादा असते. मुलाच्या दर किलोमागे अमुक इतकंच, त्याच्यापुढे थेंब नाही. कमी पडलं तर ऑपरेशन चालू असताना दुखायला लागतं. जास्त झालं तर औषध रक्तात चढतं, आधी कानात गुणगुण होते, मग झटके येतात, आणि फारच चढलं तर काळजाचा ठोका चुकतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत इकडेतिकडे झालेलं थोडंफार खपून जातं. वीतभर पोराच्या बाबतीत नाही. त्यामुळे मुलाबरोबर कितीही कागद आलेले असोत, मुंगीबाई त्याला माझ्यावर उभं करायच्याच. "कागदावरचं वजन कुठल्या दिवशीचं, कुठल्या कपड्यातलं, ते मला ठाऊक नाही," त्या म्हणायच्या. "पोरगं माझ्यासमोर उभं आहे, त्यालाच विचारते."

मोठ्या माणसांनंतर मुलं म्हणजे मला सुट्टीच वाटली. मुलं पोट आत घेत नाहीत. उलट फुगवतात. जास्त वजन आलं की भावाला वाकुल्या दाखवतात. काटा नाचतो म्हणून पाटावर उड्या मारतात. तान्हं बाळ आईच्या कडेवर असतानाच मी दोघांना तोलायचो, मग आईला एकटीला, आणि उरेल ते बाळ. एक मुलगी रडत रडत माझ्यावर चढली आणि हुंदके देतच तिने विचारलं, "रडलं की वजन कमी होतं का?" मुंगीबाईंनी गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. "या काट्याला तेवढं बारीक कळत नाही," त्या म्हणाल्या. "तू रड, मी थांबते." ती मुलगी लगेच रडायची थांबली. थांबून राहणाऱ्या माणसासमोर रडण्यात काही मजा नसावी.

आता ज्याच्यामुळे मी ही गोष्ट सांगायला बसलो, त्या मुलाकडे येतो.

घरी त्याला गोटू म्हणत. नाव शोभून दिसेल असाच तो होता. गोल चेहरा, गोल मनगटं, वय अकरा. उजवा हात कोपराच्या खाली मोडलेला, फळीला बांधून झोळीत अडकवलेला. बरोबर आई आणि मामा. "सायकलवरून पडला," आई म्हणाली. गोटूने खाली बघितलं.

हाडांचे डॉक्टर उंचेपुरे, मोठ्या आवाजाचे आणि कायम घाईत. त्यांनी गोटूची बोटं दाबून बघितली आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सूज वाढतेय. बोटं गार पडायला लागलीत. हे हाड आजच बसवायला हवं."

मुंगीबाईंनी गोटूच्या छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. "तुझ्या छातीत मांजर घुरघुरतंय," त्या म्हणाल्या.

"दमा आहे त्याला," आई म्हणाली. "त्यात सर्दी झालीय."

"मग याला गाढ झोपवायला नको. हात तेवढा बधिर करू." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "चल बाळा, उभा राहा यावर."

गोटू माझ्याकडे बघून एक पाऊल मागे सरला. "मी त्यावर चढणार नाही."

"अरे, दुखत नाही ते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"माहितीये. तरी नाही."

मामांनी वातावरण हलकं करायचं ठरवलं. मामालोकांना ते नेहमीच ठरवावंसं वाटतं. "अरे, लाजतोस काय? खात्यापित्या घरचा गडी तू. काटा मोडला तर आपण भरून देऊ," असं म्हणून ते स्वतःच हसले. बाकी कुणी हसलं नाही. गोटूचा चेहरा दिवा मालवावा तसा विझला.

आईने मुंगीबाईंच्या कानाशी जाऊन एक आकडा सांगितला. हाडांच्या डॉक्टरांनी लांबूनच एक नजर टाकून दुसरा सांगितला. आईचा आकडा प्रेमाचा होता, डॉक्टरांचा घाईचा. दोन्हींच्या मध्ये एक लहान मूल आरामात बसलं असतं.

"मॅडम, वयावरून धरा ना मग," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "गणित असतंच की त्याचं."

मुंगीबाईंनी त्यांना खिडकीपाशी नेलं. मी खिडकीलगतच होतो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वयावरून धरायला हा त्याच्या वयाच्या सगळ्यांसारखा हवा. आईचं ऐकलं आणि औषध कमी पडलं, तर अर्ध्यावर दुखायला लागेल. मग या छातीसकट याला झोपवावं लागेल. तुमचं ऐकलं आणि जास्त झालं, तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही अंदाजाने हाड बसवता का?"

"बोटं थांबणार नाहीत, मॅडम."

"मला पाच मिनिटं द्या."

हाडांच्या डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, पण ते गेले नाहीत.

मुंगीबाई आल्या आणि चक्क माझ्या पाटावर बसल्या. इस्पितळातलं कुठलंच डॉक्टर माणूस माझ्यावर असं मांडी घालून बसलं नव्हतं. आता त्यांचा चेहरा गोटूच्या चेहऱ्याच्या खाली आला.

"सुईची भीती वाटते?"

"नाही."

"ऑपरेशनची?"

"थोडी."

"मग जास्त कशाची?"

गोटूने डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं. सुईपेक्षा भयंकर असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी ठरवलं.

मुंगीबाईंनी थोडा विचार केला. "बरं. मग आपण उलटं करू. आज वजनं तू घ्यायची, आमची. काटा तू वाचायचा आणि कुणाला काही सांगायचं नाही. या धंद्याचा नियमच आहे तो. जमेल?"

गोटूने मामाकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग मान हलवली.

आधी त्या स्वतः उभ्या राहिल्या. गोटूने पुढे होऊन आकडा वाचला, ओठ घट्ट मिटून घेतले. मग मोठ्या सिस्टर. त्यांनी केसांतल्या पिनासुद्धा काढून ठेवल्या. मग मावशी आल्या आणि "अगं बाई, मी तर सकाळी दोनदा चहा प्यायलेय," असं आधीच सांगून मोकळ्या झाल्या. मामा चढले तेव्हा काटा चांगलाच लांब पळाला. गोटूच्या भुवया वर गेल्या. मामांचं हसू जरा आखडलं.

"डॉक्टर, तुम्ही," मुंगीबाई म्हणाल्या.

"मी?" हाडांचे डॉक्टर म्हणाले. "माझं कशाला?"

"बोटं थांबणार नाहीत, डॉक्टर."

त्यांनी बूट काढले. किल्ल्या काढल्या, फोन काढला, पेन काढलं, शेवटी चष्माही काढला. मग माझ्यावर उभे राहून समोरच्या भिंतीकडे बघू लागले.

"डॉक्टर," गोटू म्हणाला, "श्वास सोडा."

त्यांनी सोडला. काटा तिथेच राहिला, पोट मात्र बाहेर आलं. मावशी आधी हसल्या, मग सिस्टर, मग डॉक्टर स्वतःच. गोटूही हसला, आणि हसताना हात दुखला म्हणून थांबला.

शेवटी आई चढली. गोटूने आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि नियम विसरून म्हणाला, "आई, तू एवढीशीच आहेस?" आईने नुसता त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग गोटूने माझ्या पाटाला पायाच्या अंगठ्याने हळूच ढोसून बघितलं. "हे सी-सॉसारखं वर उडवत नाही ना?"

"नाही," मुंगीबाई म्हणाल्या. "का रे?"

त्याने सांगितलं. सांगताना तो माझ्याकडेच बघत होता, बहुतेक मला डोळे नाहीत म्हणून. शाळेत त्याला रोडरोलर म्हणत. मैदानात सी-सॉ होता. मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुलांनी पैज लावली, समोर किती जण बसले की रोडरोलर वर उचलला जातो. त्याला एका टोकाला बसवलं. समोर एक बसला, दोघे बसले, आणखी बसले. तो वर गेला. "वर गेल्यावर मलाही हसू आलं होतं," तो म्हणाला. "मग सगळ्यांनी एकदम उड्या मारल्या."

सायकल वगैरे काही नव्हतीच.

सी-सॉ म्हणजे आमच्याच घराण्यातला. दोन टोकांना दोन ओझी आणि मध्ये टेकू, यातूनच आमचा सगळा वंश निघाला. पण कुणाचं ओझं किती हे सांगणं आणि त्याची टिंगल करणं, हे दोन निराळे धंदे आहेत. त्या दिवशी मला माझ्या भाऊबंदांची लाज वाटली.

मामा खिडकीतून बाहेर बघत राहिले. आईने तोंडावर पदर धरला. मुंगीबाई मात्र रागावल्या नाहीत की हळहळल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गोटू, मला तुझं वजन कशासाठी हवंय सांगू? तुझं औषध दुसऱ्या कुणाच्या मापाचं नको म्हणून. माझ्याकडे वजन कमी नसतं, जास्त नसतं. खरं असतं नाहीतर खोटं असतं. खरं असलं की माझं काम झालं."

गोटूने नाक पुसलं. "सगळ्यांनी तोंडं तिकडे करायची."

"केली."

"डॉक्टरांनीसुद्धा."

आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं दृश्य मी पाहिलं. हाडांचे मोठे डॉक्टर, मोठ्या सिस्टर, मावशी, मामा आणि आई, सगळे वर्गात शिक्षा झाल्यासारखे रांगेत भिंतीकडे तोंड करून उभे. मामा जरासे वळायला लागले तसा मावशींनी त्यांना कोपर मारला.

गोटू माझ्यावर चढला. मी काटा जितका अलगद हलवता येईल तितका हलवला. आकडा मी सांगणार नाही. तो त्याने वाचला आणि मुंगीबाईंनी वाचला, बास. मग त्यांनी कपाटातून तशीच एक फळी आणि तशीच झोळी काढून माझ्यावर ठेवली आणि तेवढं वजन वजा केलं. "फळीला बधिर करायचं नाहीये," त्या म्हणाल्या. मग दांडी खाली सरकवून त्याची उंची घेतली.

"उंची कशाला?" गोटूने विचारलं.

"गंमत आहे. काही औषधं तुझ्या पूर्ण वजनावर ठरतात. पण हात बधिर करायचं औषध ठरवताना मी खरं वजन आणि उंची दोन्ही बघून जास्तीचं बाजूला काढते आणि उरेल तेवढंच धरते. अंगावर जे थोडं जास्तीचं आहे, त्याच्या वाट्याचं औषध तुझ्या काळजाला द्यायचं कशाला?"

"म्हणजे ते मोजायचंच नाही?"

"मोजायचं. पण त्याला औषध पाजायचं नाही."

गोटूला हे फार आवडलं. तो पहिल्यांदाच सरळ उभा राहिला, आणि दांडी आणखी जराशी वर सरकली.

मुंगीबाईंनी एका कोपऱ्यात बसून हिशेब केला, मोठ्या सिस्टरांनी दुसऱ्या कोपऱ्यात. एकमेकींचं न बघता करायचा अशी त्यांची पद्धत होती. मग दोघींनी उत्तरं सांगितली. जुळली. तेव्हाच औषध सिरिंजमध्ये ओढलं गेलं. सिरिंज उजेडात धरून दोघींनी त्यावरची रेघ पाहिली.

"कुठे टोचणार?" गोटूने विचारलं.

"काखेत."

"गुदगुल्या होतील."

"हसलास तरी चालेल. हललास तर नाही."

आधी त्यांनी त्याला थोडी गुंगी दिली, डोळे जड व्हावेत इतपत. कातडी सुन्न करणारं मलम आधीच लावलं होतं. मग काखेवर थंड जेली लावून एक छोटं यंत्र फिरवलं. पडद्यावर करड्या रंगाचे ढग दिसले आणि त्यात काळे-पांढरे ठिपके. "हातातलं दुखणं वर मेंदूला कळवणाऱ्या या तारा," मुंगीबाई म्हणाल्या. "या नेमक्या दिसल्या की मर्यादेएवढंही लागत नाही, त्याहून कमीत भागतं." सुई गेली. गोटूने मामाचं बोट इतकं आवळलं की ओरडायचं काम मामांनी केलं. औषध एकदम न ढकलता त्या थोडं थोडं सोडत होत्या, मध्ये थांबत होत्या, पडद्यावरचे ठोके बघत होत्या आणि गोटूला विचारत होत्या, "कानात काही वाजतंय? तोंडात काही चव येतेय?"

"नाही."

"आता?"

"नाही. आता मुंग्या आल्या."

"किती?"

"वारूळभर."

थोड्या वेळाने त्यांनी बर्फाचा खडा त्याच्या पंजाला लावला. गोटूने आपल्या हाताकडे कुतूहलाने बघितलं. "हा माझा नाहीये," तो जडावलेल्या जिभेने म्हणाला. "कुणाचा तरी इथे राहिलाय." मुंगीबाईंनी त्याच्या कोपराच्या खाली चिमटा काढला. त्याला पत्ताच नव्हता. त्या हाडांच्या डॉक्टरांकडे वळल्या. "घ्या तुमचा हात."

गोटूला ऑपरेशनच्या खोलीत नेलं, आणि तिथलं काही मला दिसत नाही. दार मिटलं की माझ्याकडे फक्त आवाज येतात. आई माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली होती. मामा येरझाऱ्या घालत होते. मध्येच ते थांबले आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "ताई, मीपण त्याला घरी काय काय म्हणतो ना." आई म्हणाली, "म्हणतोस." मग पुन्हा येरझाऱ्या सुरू झाल्या, पण पावलांचा आवाज कमी झाला होता.

आतून मात्र हाडांच्या डॉक्टरांचा मोठा आवाज येत होता. ते कुठल्या तरी क्रिकेटच्या सामन्याची गोष्ट सांगत होते आणि गोटू पेंगुळल्या आवाजात त्यांच्या चुका काढत होता. दार उघडलं तेव्हा हाताला नवं प्लॅस्टर होतं आणि बोटांची टोकं गुलाबी होती. आईने ती एकेक करून धरून बघितली. छातीतलं मांजर जागच्या जागी घुरघुरत होतं, त्याला कुणी डिवचलं नव्हतं.

पुढचं मला मावशींकडून कळलं. दुसऱ्या दिवशी वर्गातली ती सगळी मुलं शाळेच्या बाईंबरोबर वॉर्डात आली आणि खाटेच्या पायथ्याशी मेंढरांसारखी गोळा होऊन उभी राहिली. शेवटी त्यांच्यातला एक जण "चुकलं" एवढंच म्हणाला. गोटूने बराच वेळ त्यांना ताटकळत ठेवलं. मग म्हणाला, "रोडरोलर म्हणायचं नाही." कबूल झालं. मावशी म्हणाल्या, लगेच काही गळ्यात गळे पडले नाहीत, पण जाताना एक जण त्याच्या प्लॅस्टरवर बेडूक काढून गेला.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी गोटू आमच्या खोलीत आला होता. मुंगीबाई आत ऑपरेशनमध्ये होत्या. त्याने इकडेतिकडे बघितलं, चपला काढल्या आणि आपला आपण माझ्यावर चढला. काटा वाचला, "ठीक आहे," म्हणाला आणि गेला. एवढंच. पण माझ्यावर चढून "ठीक आहे" म्हणणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता.

त्यानंतर किती मुलं आली आणि गेली. मी म्हातारा होत गेलो. मुंगीबाई रोज सकाळी पितळी वजन ठेवून माझी परीक्षा घ्यायच्या. एका सकाळी त्यांनी वजन ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा ठेवलं. माझ्या आत कुठेतरी गंज धरला होता. काटा आकड्यापर्यंत पोचता पोचता दमत होता. कारागीर आला, त्याने खोलून बघितलं, तेल दिलं आणि मान हलवली. "जवळजवळ बरोबर दाखवेल, मॅडम."

"जवळजवळ माझ्या कामाचं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मिस्त्रीने थाप मारली होती, यांनी नुसता हात ठेवला. "फार खरं बोललास रे बाबा," त्या म्हणाल्या आणि मला बाहेर न्यायला सांगितलं. मला राग आला नाही. त्यांनी मला ठेवून घेतलं असतं, तर मात्र आला असता.

माझ्या जागी आता एक चपटी, काचेची, आकडे उजळणारी पोरगी आहे. बोलत नाही, पण चोख आहे. आणि मी मुलांच्या खेळखोलीत, ठोकळ्यांच्या टोपलीशेजारी उभा आहे. मी आता खरं वजन सांगत नाही, थोडं कमी सांगतो. ही बातमी कशी फुटली कोण जाणे. हल्ली जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या इस्पितळातली माणसं एकेक करून खेळखोलीत येतात. हिशेबनीस येतात, स्वयंपाकघरातल्या काकू येतात, औषधांच्या दुकानातला माणूस येतो. माझ्यावर उभी राहतात, काटा बघतात आणि तजेलदार चेहऱ्याने परत जातात. "जुन्या काट्यांची गोष्टच वेगळी," म्हणतात. जन्मभर खरं बोलून जे मिळालं नाही ते आता भरभरून मिळतंय, आणि मीही ते गोड मानून घेतो. म्हातारपणी थोडं गोड चालतं.

तुम्हीही या कधीतरी. मी तुम्हाला नाराज करणार नाही. पण तुमच्या लेकराला कधी भूल द्यायची वेळ आली, तर माझ्याकडे येऊ नका आणि आपल्या मनातला आकडाही सांगू नका. काचेच्या पोरीवर त्याला उभं करा. आकडा दिसला की हसू नका, हळहळू नका, शेजारच्याच्या मुलाचा काढू नका. नुसता डॉक्टरांना सांगा.

आता मला रजा द्या. उद्या ऑपरेशन असलेली एक छोटी मघापासून आपलं कापडी अस्वल काखेत मारून उभी आहे. तिला त्याचं वजन करायचंय. अस्वल इतकं हलकं आहे की माझा काटा जागचा हलणारसुद्धा नाही. पण तिने त्याला माझ्यावर नीट बसवलंय, त्याचे दोन्ही कान सरळ केलेत, आणि ती स्वतः वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीय.